आठ भोकांची फळी

३ जून

ठमाबाई,

मागचं पाकीट न फोडता परत पाठवलंस. पोस्टमननं विचारलं, "आजी, पत्ता चुकला का?" मी म्हटलं, पत्ता बरोबर आहे, माणूस चुकलंय. तो हसला. त्याला वाटलं मी तुझ्याबद्दल बोलतेय.

म्हणून या वेळी पाकीट कॉलेजचं घेतलं. छापील, वर विभागाचं नाव. तुला वाटेल कामाचं आहे आणि तू फोडशील. फोडलंस ना. आता फोडलंच आहेस तर वाच.

नको असलेलं आधी उरकते. तुझे बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. गेले नऊ तारखेला, तुझी तोंडी परीक्षा होती वीसला. तीन महिने त्यांचा घसा गेलेला होता, आवाज नव्हता, फोनवर तुला मी सांगत राहिले की घसा बसलाय. ते पत्र सांगायचे, मी लिहायची, हे तर नेहमीचंच होतं. ते गेल्यावर बारा तारखेला मी आणखी एक लिहिलं, त्यांच्या नावानं. 'पोरी, मी बरा आहे, सहाव्या फळीला रंग देतोय, तू न घाबरता उत्तरं दे.' ते खिशात घालून तू परीक्षेला बसलीस. पास झालीस, घरी फोन केलास, आणि मी सांगितलं. त्यानंतर तू जे बोललीस ते मला पाठ आहे. मग बोलणंच बंद.

आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, परीक्षा होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही. एवढंच पुन्हा लिहून ठेवते.

आता खरी बातमी. कॉलेजच्या सामानखोलीत साफसफाई निघाली आणि बाबांचा तक्ता सापडला. तोच, अणूच्या केंद्रकाचा, फळ्यांचा. नवी मास्तरीण आली आहे, तुझ्याच वयाची, चष्मा डोक्यावर ठेवून सगळीकडे चष्मा शोधते. तिला तक्ता आवडला पण कळेना. कारकून म्हणाला, सुताराची बायको मागच्या गल्लीत राहते, तिला विचारा. मग बाई माझ्या दारात.

"काकू, यातली चौथी फळी कुणी मोडली?"

मी म्हटलं, "मोडली नाही हो. माझ्या नवऱ्यानं माझ्या डोळ्यांदेखत कापली. आणि कापताना शिव्या दिल्या, त्या वर्गात सांगायच्या नाहीत."

तिनं मला वर्गावर बोलावलंय. सातवी शिकलेली बाई, अणूच्या पोटातलं शिकवायला. काय बोलले ते तुला पुढच्या पत्रात लिहीन. चूक सापडली तर कळव. दुसऱ्याची चूक सापडली की तुला राहवत नाही, तीच माझी आशा आहे.

आई


१४ जून

ठमाबाई,

पाकीट परत आलं नाही. मी रोज फाटकाशी उभी राहते तर पोस्टमन लांबूनच मान हलवतो, 'नाही' म्हणून. पहिल्यांदाच कुणाच्या 'नाही'नं मला बरं वाटतंय.

वर्ग झाला. पन्नासेक पोरंपोरी. पहिल्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "यांना काय येत असणार." कान माझे अजून शाबूत आहेत. मी म्हटलं, "मला फक्त मोजता येतं ग. तुला तेवढं येतं का बघू." तिलाच उभं केलं आणि मण्यांची पेटी तिच्या हातात दिली. दोनशे आठ मणी, ब्याऐंशी लाल, एकशे सव्वीस पांढरे. मीच रंगवलेले. लाल ते प्रोटॉन, पांढरे ते न्यूट्रॉन. तक्त्याची डावी बाजू लालांची, उजवी पांढऱ्यांची.

मग सांगितलं ते असं. आधी मोठमोठ्या लोकांना वाटायचं की केंद्रक म्हणजे पाण्याचा थेंब. सगळे दाणे एकमेकांना बिलगून बसलेले. थेंबावरून बरंच काही जुळायचं. एक जुळत नव्हतं. काही ठरावीक आकडे भरले की केंद्रक एकदम घट्ट होतं, हलता हलत नाही. दोन, आठ, वीस, अठ्ठावीस, पन्नास, ब्याऐंशी, एकशे सव्वीस. थेंबाला काय, एक दाणा कमी काय नि जास्त काय. मग हेच आकडे का?

तेव्हा कुणीतरी अगदी साधी गोष्ट धरून चाललं. प्रत्येक दाणा एकटाच फिरतोय असं समजा. बाकीच्या सगळ्यांनी मिळून एक खड्डा केलाय, आणि त्या खड्ड्यात हा आपला आपला फिरतो. खड्ड्यात पायऱ्या आहेत. एका पायरीवर ठरावीक जागा. पायरी भरली की झालं घट्ट.

मागच्या बाकावरचा एक उंच पोरगा म्हणाला, "एवढ्या गर्दीत एकटा कसा फिरेल? धडकणार नाही का?"

मी त्याच्याजवळ गेले. "तुझ्या डावीकडची जागा भरलीय, उजवीकडची भरलीय, पुढची, मागची. आता मी तुला धक्का दिला तर तू कुठे जाशील?"

"कुठेच नाही."

"मग धक्का देऊन काय उपयोग? म्हणून लागतच नाही."

मास्तरीणबाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. हे वाक्य तुझं आहे, तू शाळेत असताना बाबांना सांगितलेलं. मी चोरलं. तेव्हा मी मणी वाळत घालत होते, तुम्हाला वाटायचं मी ऐकत नाही.

मग फळ्या. खालून पहिलीला दोन भोकं, दुसरीला सहा, तिसरीला बारा. मोजा. दोन, आठ, वीस. अगदी बरोबर. चौथीला वीस भोकं. मोजा. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं मोजून सांगितलं, चाळीस. मी म्हटलं, "पाहिजेत किती?" अठ्ठावीस. ती घाबरली, तिला वाटलं तिचंच चुकलं.

मग सांगितलं, की बाई, तुझं नाही, विभागाच्या तेव्हाच्या मोठ्या सरांच्या चित्राचं चुकलेलं. बाबा त्या चित्राबरहुकूम फळ्या करून बसले आणि मग सर आले, म्हणाले, मी जुनंच चित्र दिलं. बाबा तीन दिवस सरांशी बोलले नाहीत. एवढं चांगलं लाकूड, एवढी भोकं. मग सरांनी समजावलं की जगातल्या हुशार लोकांचंही नेमकं याच पायरीला अडलं होतं, तेव्हा कुठे यांचा राग उतरला. आपण एकटेच फसलो नाही म्हटल्यावर माणूस शांत होतो.

इलाज असा. दाणा खड्ड्यात फिरतो आणि स्वतःभोवती गिरकीही घेतो. दोन्ही एकाच अंगानं असलं तर तो थोडा खाली बसतो, उलट असलं तर वर सरकतो. म्हणून चौथी फळी कापायची. आठ भोकांचा तुकडा खाली उतरवायचा, त्याची स्वतंत्र पायरी. वीस आणि आठ, अठ्ठावीस. वर उरली बारा, त्यांच्यात पाचव्या फळीतली दहा भोकं कापून खाली आणायची, बावीस. अठ्ठावीस आणि बावीस, पन्नास. मी आकडीतून तुकडा सोडवून खालच्या आकडीत अडकवला, टक असा आवाज झाला, आणि वर्गात कुणीतरी 'हां' म्हणालं. ठमे, बाबा हा 'हां' ऐकायला वर्गाच्या दाराबाहेर उभे राहायचे.

शेवटी त्याच मुलीनं विचारलं, "आणि आठ भरून एक मणी जास्त झाला तर?" मी म्हटलं, आता कसं शहाण्यासारखं विचारलंस. भरलेल्या फळीवर सगळे जोडीजोडीनं. एक इकडून गिरकी घेतो, दुसरा तिकडून, दोघांची मिळून शून्य. नववा एकटा. मग त्याची जी गिरकी तीच अख्ख्या केंद्रकाची. म्हणजे घरात आठ माणसं गप्प आणि एक म्हातारी बडबडी, की बाहेरचे म्हणणार, काय बडबडं घर आहे. वर्ग हसला. मीही हसले.

घरी येऊन मात्र जेवले नाही. बाबांच्या मनात शेवटच्या दिवसांत तक्त्याचंच होतं. त्यांनी तुला बोलवायला सांगितलं असतं, पण परीक्षा तोंडावर होती.

चूक सापडली तर कळव.

आई


२ जुलै

ठमाबाई,

तुझं पत्र आलं. चार वर्षांनी, आणि दोन ओळी. मायना नाही, सही नाही. विजेच्या बिलावरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो. तरी मी ते पोस्टमनला दाखवलं. म्हटलं, बघ, माझ्या लेकीचं. त्यानं विचारलं काय लिहिलंय. मी म्हटलं, माझी चूक काढलीय. तो म्हणाला, मग बरं आहे.

तुझी पहिली ओळ. 'फळी अर्धी भरलेली असताना हे चालत नाही, ते वर्गात सांगितलंस का?' नव्हतं सांगितलं. पुढच्या वर्गाला सांगितलं. भरलेल्या पायरीच्या आसपास हा साधा हिशेब चोख लागतो, मधल्या आकड्यांना केंद्रक लांबट होतं, सगळे दाणे मिळून डुलायला लागतात, तिथे 'आपला आपला फिरतो' म्हणून भागत नाही. मास्तरीणबाईंनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. मी म्हटलं, माझी मुलगी तिकडे हेच करते. आणि तू सुट्टीत आली होतीस तेव्हा ओट्याशी उभी राहून जे म्हणालीस तेही सांगितलं. 'मॉडेल खोटंच असतं ग आई. फक्त ते कुठे खोटं आहे हे आपण सांगायचं असतं, लपवायचं नसतं.' बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. खाली तुझं नाव लिहिणार होत्या, मी नको म्हटलं. तू न विचारता नाव वापरलेलं खपवून घेत नाहीस, तो धडा मला मिळालाय.

तुझी दुसरी ओळ. 'बोलवायला सांगितलं'च्या पुढचं 'असतं' वेगळ्या शाईनं वर का लिहिलंय?

तुझे डोळे अजून तसेच आहेत. अगं, पेन संपलं. वाचून बघितलं, शब्द राहिलाय असं दिसलं, दुसऱ्या पेनानं घातला. सातवी शिकलेली बाई, शब्द राहतात.

दुसरं काही नाही. हो, एक आहे. पोटात गाठ आहे. गेले दोन महिने आहे, मी तिला गॅस समजत होते. डॉक्टरीणबाई पोट दाबते, भुवया एकत्र करते आणि म्हणते, उघडल्यावरच कळेल. मी म्हटलं, मी काय पाकीट आहे? तिला हसू आलं नाही. आता डॉक्टरीण विनोदाला हसत नाही म्हणजे काय ते तूच समज.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. आईनं पुन्हा काहीतरी रचलं. ठमे, ही थट्टा नाही. थट्टा असती तर मी त्या गाठीला तुझ्या आत्याचं नाव ठेवलं असतं.

आई


११ जुलै

पेन संपलं नव्हतं.

नऊ दिवस तुझं काही आलं नाही. येणारही नाही हे मला कळलं. एकदा मी तुला मेलेल्या माणसाचं पत्र पाठवलंय, आता मी गाठ आहे म्हटलं तर तू का मानावंस? एक खोटं तसंच ठेवून दुसरं खरं मी तुझ्या गळी उतरवू शकत नाही. म्हणून ते लिहिते.

आम्ही दोघांनी मिळून ठरवलं नव्हतं. मी ठरवलं होतं.

त्यांनी तुला बोलवायला सांगितलं. असतं नाही. सांगितलं. तीनदा.

आवाज नव्हता. कुजबुजून पत्र सांगायचे तेही शेवटच्या तीन आठवड्यांत बंद झालं. गळ्यात नळी. उशाशी प्लायवूडचा एक तुकडा असायचा, वहीएवढा, आणि त्यांची ती चपटी पेन्सिल. पाणी हवं, कूस बदलायचीय, असं त्यावर खूण करून सांगायचे. लिहायची त्यांना लाज, ऱ्हस्वदीर्घ चुकायचं म्हणून. पण एके दिवशी सकाळी पूर्ण लिहिलं. 'पोरिला बोलव.' मी म्हटलं, हो, परीक्षा झाली की लगेच. त्यांनी तुकडा खाटेच्या दांड्यावर आपटला. मी तो हातातून घेतला आणि पॉलिश पेपरनं घासून कोरा केला. नर्स येते, शेजारची येते, कुणीतरी वाचेल आणि तुला फोन करेल म्हणून. ते बघत होते. मी रेषांच्या आडवं घासत होते, त्यानं लाकडाला ओरखडे पडतात. त्यांचं तिकडे लक्ष होतं, माझ्या तोंडाकडे नव्हतं.

चार दिवसांनी परत. या वेळी फक्त 'बोलव.' मी परत घासलं.

तिसऱ्यांदा आठ तारखेला दुपारी. हाताला जोर नव्हता. फक्त 'ठमी' लिहिलं, तेही ठ अर्धा खाली घसरलेला. मी पेपर उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच घासलं. रेषेच्या दिशेनं, सावकाश, फुंकर मारून भुसा उडवायला गेले पण गळ्यात नळी, फुंकर येईना. मग तळव्यानं पुसलं. कोरा तुकडा माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

परीक्षेचं कारण खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. तू आली असतीस, त्यांना तसं बघितलं असतंस, परीक्षा सोडली असतीस आणि आयुष्यभर मला तोंडावर सांगितलं असतंस, तुझ्यामुळे. ही भीती होती. आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं, ते आजवर मी मलाही सांगितलं नव्हतं. तुम्ही दोघं तक्त्यापाशी बसायचात तेव्हा मी मणी रंगवायची. वीस वर्षं. तुम्ही बोलायचात, मी रंग ढवळायची. ते तीन आठवडे ते फक्त माझे होते. पहिल्यांदाच त्यांचं माझ्यावाचून अडत होतं. तू खोलीत पाऊल टाकताच त्यांनी मान तुझ्याकडे वळवली असती, आणि मी परत पेल्यात पाणी ओतणारी झाले असते. ते मला नको होतं.

तू म्हणायचीस ना, कुठे खोटं आहे ते सांगायचं असतं. इथे आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं तुझ्यावर टाकायचा मला हक्क नाही.

ऑपरेशन एकोणीसला आहे.

आई


१८ जुलै

ठमे,

दवाखान्यातून लिहितेय. खाट खिडकीकडची मिळाली आहे, शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याहून जास्त बोलते, असंही जगात कुणी आहे हे मला या वयात कळलं.

तुझं पत्र नाही. बरोबर आहे.

सकाळी नर्स कागद घेऊन आली. तरुण आहे, तोंडात गोळी चघळत बोलते. नाव, वय, कशाची ॲलर्जी. मग म्हणाली, "जवळचं कोण?"

मी म्हटलं, "मुलगी."

"इथे आहे?"

"नाही. लांब आहे. बोलत नाही माझ्याशी."

तिनं पेन थांबवलं. "मग दुसरं कुणी? शेजारी वगैरे?"

"नाही. तीच लिही."

नंबर दिला. मला पाठ आहे, चार वर्षांत लावला नाही तरी. ती म्हणाली, "आजी, काळजी करू नका, काही झालं तरी आम्ही घरच्यांना नीट, हळूहळू सांगतो. आधी तब्येत जरा नाजूक आहे म्हणतो, मग थोड्या वेळानं..."

मी तिचा हात धरला. तिला वाटलं मी घाबरले. मी म्हटलं, "हळूहळू नाही. जे झालं असेल ते पहिल्याच वाक्यात सांगायचं. बरी आहे तर बरी आहे, गेली तर गेली. ती कामात असली, कुठल्या परीक्षेला बसली असली, कुणाला शिकवत असली, तरी. आणि गाठ कसली निघाली तेही, आजाराच्या नावासकट."

"असं नाही हो सांगत आम्ही."

"मग लिहून घे कागदावर. पेशंटनं सांगितलं."

तिनं लिहिलं. समासात, बारीक अक्षरात. मी वाचायला मागितलं. 'मुलीला लगेच व खरं सांगणे.' मग माझी सही घेतली खाली.

उद्या दुपारी तुला फोन येईल, हे पत्र त्याच्या मागून पोचेल. उचललास तर उचललास, नाहीतर नाही. पण तो माझा नसेल, त्या नर्सचा असेल. ती जे सांगेल ते तसंच असेल, त्यात माझं काही नसेल.

आई